मेंढरांचे आणि मेंढपाळांचे जुने फोटो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेंढ्या चारतानाचे, हाकतानाचे, लोकर कातरतानाचे जुने फोटो मी बरीच वर्षं जमवतोय, आणि ज्यांना हे कळतं ते फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. सुरुवातीलाच एक सांगतो. फोटोत जी मेंढी हललीय, पुसट झालीय, तिच्याकडे आधी बघा. लोक तिला फोटोतला दोष समजतात, पण बहुतेक वेळा सगळ्यात जास्त माहिती तीच देते.

मेंढ्या इतक्या पुसट का दिसतात? कॅमेरा खराब होता का?

नाही हो, कॅमेरा चांगलाच असायचा, फक्त फोटो यायला वेळ लागायचा. १८३९ साली डागेरोटाइप, म्हणजे चांदीचा थर दिलेल्या पत्र्यावर फोटो काढायची पद्धत, जाहीर झाला तेव्हा एका फोटोला काही मिनिटं लागायची, त्यात मेंढी कुठली थांबते. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कोलोडियनची पद्धत आणली, म्हणजे काचेवर द्रावण ओतायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच डेव्हलप करायची, सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांत, नाहीतर काच वाया. आता विचार करा, माळरानावर फोटो काढायचा म्हणजे काळोख्या तंबूसकट काचा, बाटल्या, पाणी असं सगळं गाडीवर लादून न्यायचं, आणि एवढं करूनही भर उन्हात काही सेकंद लागायचेच. त्या काही सेकंदांत मेंढी काय करते? मान खाली घालते, चघळते, कान झटकते, शेजारणीला ढुशी देते. म्हणून धड एकदम स्पष्ट आणि डोक्याच्या जागी धुकं, असे फोटो दिसतात.

१८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची, म्हणजे आधीच थर देऊन सुकवलेल्या काचेची, कल्पना मांडली, १८८० च्या आसपास तशा प्लेटा पेट्यांतून तयार मिळायला लागल्या आणि एक्स्पोजर, म्हणजे प्लेटवर उजेड पडू द्यायचा वेळ, सेकंदाच्या लहानशा भागावर आलं. चालता कळप, उडी मारणारं कोकरू, पळता कुत्रा हे सगळं फोटोत यायला लागलं ते तेव्हापासून.

म्हणजे पुसटपणावरून फोटोचं साल ठरवता येतं?

साल नाही, पण दिशा कळते. कळप धावतोय, धूळ उडतेय आणि प्रत्येक खूर स्वच्छ दिसतोय, तर तो फोटो १८५० च्या दशकातला असणं फार अवघड, कोणी कितीही छातीठोकपणे सांगो. उलटं मात्र चालत नाही, कारण संध्याकाळी कमी उजेडात काढलेला १९३० चा फोटोही पुसट येतोच.

मग आजूबाजूला बघायचं. कुंपणाला काटेरी तार दिसली तर फोटो १८७४ च्या आधीचा सहसा नसतो, जोसेफ ग्लिडनचं पेटंट त्या साली झालं आणि तारेचा प्रसार त्यानंतरच झाला. लोकर कातरायच्या शेडमध्ये हातातली कात्री आहे की वरून फिरता दांडा आलेलं मशीन, हे बघा. ऑस्ट्रेलियात डार्लिंग नदीकाठच्या डनलॉप स्टेशनवर १८८८ मध्ये अख्खा कळप मशीनने कातरला, मोठ्या प्रमाणावर तसं पहिल्यांदाच झालं. पण हातकात्री पुढेही कितीतरी वर्षं चालू होती, त्यामुळे मशीन दिसलं तर 'याच्या आधीचा नाही' एवढंच म्हणता येतं, कात्री दिसली तर काहीच नाही.

फोटो पोस्टकार्डावर छापलेला असेल तर मागची बाजू आधी बघा. मजकूर आणि पत्ता यांच्यामध्ये उभी रेघ असलेली कार्डं ब्रिटनमध्ये १९०२ पासून, अमेरिकेत १९०७ पासून चालू झाली. तिकीट लावायच्या चौकोनात 'अॅझो' असं (हा फोटोच्या कागदाचा ब्रँड) लिहिलेलं असलं तर कोपऱ्यातले त्रिकोण बघा, चारही वर तोंड करून असले तर साधारण १९०४ ते १९१८, दोन वर दोन खाली असले तर साधारण १९१८ ते १९३०. मला या त्रिकोणांनी किती वेळा वाचवलंय सांगू, विकणारा 'शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा' म्हणतो आणि मागचा कोपरा वेगळंच सांगत असतो.

हे फोटो खरे असतात की मुद्दाम उभे करून काढलेले?

दोन्ही असतात, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल आनंदच वाटतो, कारण बहुतेक जण विचारतच नाहीत.

इंग्लंडमध्ये हेन्री पीच रॉबिन्सन नावाचा फोटोग्राफर होता, तो बायामुलींना गावकऱ्यांचे कपडे घालून खेड्यातले प्रसंग रचायचा, आणि ते लपवायचाही नाही, त्याच्या मते चित्र सुंदर दिसणं महत्त्वाचं. पीटर हेन्री एमर्सनने याला कडाडून विरोध केला, रानात जा, खऱ्या कामकरी माणसांना त्यांच्या जागी घ्या असं त्याचं म्हणणं होतं. पण त्याच्याही फोटोत माणसं सांगून उभी केलेली असायचीच, तेव्हाच्या कॅमेऱ्याने दुसरं काही शक्यच नव्हतं.

जेरुसलेमला अमेरिकन कॉलनी नावाची वसाहत होती, तिच्या फोटो विभागाने मेंढपाळांचे खूप फोटो काढले, त्यातले बरेच बायबलमधले प्रसंग म्हणून रचलेले, मेंढपाळ हा तिथे धर्माचा मोठा विषय ना. ते फोटो प्रवाशांना विकले जायचे. आता त्यात दिसणारी मेंढरं खरी, माळ खरा, बऱ्याचदा मेंढपाळही खरा, पण तो त्या दगडावर तसा का बसलाय याचं उत्तर कॅमेऱ्यामागे असतं. असे फोटो टाकाऊ नाहीत, फक्त ते 'रोजचं आयुष्य' म्हणून खाली ओळ टाकू नका.

आणि फोटोग्राफरने काही फुटांवर वस्तू हलवली तरी लोक किती चिडतात बघा. १९३६ मध्ये अमेरिकन सरकारसाठी काम करणाऱ्या आर्थर रॉथस्टाईनने दुष्काळात बैलाच्या कवटीचा फोटो काढला, कवटी जराशी सरकवून वेगवेगळ्या जागी घेतली, आणि निवडणुकीच्या वर्षात अमेरिकन वर्तमानपत्रांनी त्यावरून रान उठवलं. दुष्काळ तर खरा होता.

माझी स्वतःची कसोटी साधी आहे. माणूस कितीही नटवून उभा करा, मेंढ्या कोणाचं ऐकत नाहीत. सगळ्या मेंढ्या एका बाजूला तोंड करून शांत असतील तर चौकटीबाहेर कोणीतरी चारा घेऊन किंवा कुत्रा धरून उभं असण्याची शक्यता मोठी. अर्ध्या चरतायत, दोघी पाठ फिरवून निघाल्यात, एकीचं डोकं हललंय, तर तिथे कामच चालू होतं असं समजायला हरकत नाही.

जुन्या फोटोत आकाश कधी कोरं पांढरं, कधी ढगांनी भरलेलं, असं का?

जुन्या प्लेटांना निळा रंग जरुरीपेक्षा जास्त दिसायचा, त्यामुळे आकाश भडक होऊन पांढरं पडायचं. ढग हवे असतील तर वेगळ्या निगेटिव्हवरून छापायचे, गुस्ताव ल ग्रे १८५० च्या दशकात समुद्राच्या फोटोंसाठी हेच करायचा. म्हणून १८६० च्या कळपावर झकास ढग दिसले तर मेंढ्यांच्या सावल्या आणि ढगांवरचा उजेड एकाच बाजूचा आहे का ते ताडून बघा.

मेंढ्यांच्या पाठीवर काळे डाग दिसतात, तो रोग आहे का?

बहुतेक वेळा ती खूण असते. कोणाची मेंढी कोणती हे कळावं म्हणून डांबराची किंवा गेरूची खूण करायचे, आणि मेंढ्याच्या, म्हणजे नराच्या, छातीला गेरू फासायचे म्हणजे कोणती मेंढी फळलीय ते तिच्या पाठीवरून कळतं. गंमत अशी की जुन्या प्लेटला लाल रंग दिसायचाच नाही, लाल म्हणजे काळाच. सगळे रंग पकडणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा बाजारात १९०६ ला आल्या आणि सगळीकडे रुळायला अजून वेळ गेला. त्यामुळे डाग डांबराचा की गेरूचा हे नुसत्या रंगावरून सांगता येत नाही, जागा बघायची: ठरावीक ठिकाणी नीट उठवलेलं अक्षर किंवा पट्टा असेल तर मालकाची खूण, आणि शेपटीच्या वर फरफटल्यासारखा मोठा धब्बा असेल तर गेरू, आणि मग तो फोटो मेंढे कळपात सोडल्यानंतरचा, म्हणजे ऋतूसुद्धा कळला.

उन्हात रापलेले चेहरेही याच कारणाने होते त्यापेक्षा काळे दिसतात. चेहऱ्याच्या रंगावरून माणूस कुठला ते ठरवायला जाऊ नका, अंदाज हमखास चुकतो.

मग फोटो कुठला ते कशावरून ओळखायचं?

काठी आणि पांघरूण. काठीच्या टोकाची आकडी मोठी रुंद असेल तर ती मान पकडायची, अरुंद असेल तर मागचा पाय पकडायची. इंग्लंडच्या ससेक्समध्ये पायेकोम्ब गावच्या लोहाराकडची लोखंडी आकडी नावाजलेली होती. लांब चुणीदार झगा दिसला तर बहुधा दक्षिण इंग्लंड, खांद्यावरून घेतलेली चौकड्यांची शाल स्कॉटलंड, भरतकाम केलेला जाड लोकरी झगा हंगेरी, खांदे रुंद आणि ताठ दिसणारी फेल्टची जाड कफनी कॉकेशस. नुसत्या कपड्यावर विसंबू नका मात्र, स्टुडिओत कपडे भाड्याने मिळायचे.

उंच काठ्यांवर उभे असलेले मेंढपाळ खरे होते का?

खरे होते! फ्रान्सच्या नैऋत्येला लांद नावाचा सपाट, पावसाळ्यात दलदल होणारा मुलूख आहे, तिथले मेंढपाळ पायाला उंच लाकडी काठ्या बांधून चालायचे, पाय कोरडे राहायचे आणि लांबवरचा कळप दिसायचा. १८५७ च्या कायद्याने ती जमीन निचरा करून पाइन लावायला लावली, मग चराई आटली, मेंढ्या गेल्या, काठ्याही गेल्या. फेलिक्स आर्नोदाँ (१८४४ ते १९२१) त्याच मुलखातला, हे सगळं डोळ्यांदेखत संपताना त्याने बघितलं आणि आयुष्यभर माळ, मेंढपाळ, झोपड्या यांचे फोटो काढत राहिला, गाणी आणि गोष्टी लिहून घेत राहिला. गावातले लोक त्याला वेडा म्हणायचे, तसं टोपणनावच पडलं होतं. आज त्या मुलखात झाडांशिवाय काही दिसत नाही आणि मोकळा माळ बघायचा असेल तर त्याच्याच काचांवर बघावा लागतो. मला या सगळ्या विषयात कोणाबद्दल सगळ्यात जास्त माया वाटत असेल तर ती याच माणसाबद्दल.

या फोटोंमधलं आयुष्य खरंच इतकं निवांत होतं का?

फोटो निवांत आहे, आयुष्य नव्हतं. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या सुंदर रिकाम्या दऱ्या आणि त्यात मेंढ्या, असे फोटो भरपूर मिळतात, पण त्या दऱ्या रिकाम्या झाल्या त्याच मुळी मोठ्या प्रमाणावर मेंढ्या आणायला माणसांना घराबाहेर काढलं म्हणून, अठराव्या शतकाच्या मध्यापासून शंभरेक वर्षं ते चाललं. अमेरिकेत नवाहो या मूळनिवासी लोकांच्या कळपांचे एडवर्ड कर्टिसने १९०४ च्या सुमाराला काढलेले फोटो लोक कॅलेंडरसारखे लावतात, आणि १९३० च्या दशकात जमिनीची धूप थांबवायची म्हणून सरकारने त्याच लोकांची मेंढरं सक्तीने कमी केली, कित्येक जागच्या जागी मारली. हे माहीत झालं की त्या आधीच्या फोटोतली एकेक मेंढी वेगळी दिसायला लागते.

फोटोखाली मेंढपाळाचं नाव का नसतं?

कारण कोणी विचारलंच नाही. फोटोग्राफरचं नाव असतं, छापणाऱ्याचं असतं, डोंगराचं असतं, शर्यत जिंकलेल्या कुत्र्याचंही असतं, पण रोज मैलोन्‌मैल चालणारा माणूस 'एक मेंढपाळ' म्हणून राहतो. याचा मला खरंच त्रास होतो.

अमेरिकन सरकारच्या शेतीविषयक फोटो प्रकल्पात, १९३५ ते १९४४ मध्ये, प्रकल्पाचा प्रमुख रॉय स्ट्रायकरने फोटोग्राफरांना टिपणं लिहायला लावली, त्यामुळे तिथे निदान जिल्हा, महिना, काम कळतं, माणसाचं नाव मात्र तिथेही बऱ्याचदा नाहीच. त्या प्रकल्पातल्या सुमारे पावणेदोन लाख काळ्यापांढऱ्या निगेटिव्ह आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. न आवडलेल्या निगेटिव्हला स्ट्रायकर पंचने भोक पाडायचा, तेही जपलेत, कोणाच्या चेहऱ्यावर, कुठे आकाशात काळा गोल ठिपका दिसतो.

माझ्याकडे एक पोस्टकार्ड आहे. मेंढपाळ पुढे उभा, कोटाच्या आत कोकरू, बटणांमधून त्याचे दोन पाय तेवढे बाहेर आलेत. डाव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलीय. काठी जिथे रोज धरली जाते तिथे वीतभर चकाकतेय, वर-खाली खरबरीत आहे. उजवीकडे कुत्रा म्हणजे नुसती राखाडी रेघ. मागे पेन्सिलने एका शब्दात 'बर्फानंतर' एवढंच. नाव नाही, गाव नाही, पण त्या अंगठ्याकडे आणि त्या काठीकडे बघून मला तो माणूस कितीतरी नावं लिहिलेल्या फोटोंपेक्षा जास्त ओळखीचा वाटतो.

एकाच कार्डावर दोन सारखे फोटो का असतात?

ते स्टिरिओ कार्ड, दुर्बिणीसारख्या यंत्रातून बघितलं की चित्राला खोली आल्यासारखं दिसतं. दोन्ही फोटो एकदमच काढलेले असतील तर मेंढ्या दोन्हीकडे सारख्याच उभ्या असतात, एकच लेन्स सरकवून मागोमाग काढले असतील तर मेंढ्यांच्या जागा बदललेल्या सापडतात.

रंगीत जुने फोटो खरे की नंतर रंगवलेले?

खरेही आहेत. ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम प्लेट १९०७ ला विक्रीला आली, बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले कण वापरून, पण एक्स्पोजर पुन्हा सेकंदांत गेलं, म्हणजे मेंढ्या परत पुसट. रशियात प्रोकुदिन-गोर्स्की लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरमधून एकामागे एक तीन एक्स्पोजर घ्यायचा, त्यात जे हललं त्याच्या कडेला रंगीत झालरी येतात, पाणी, धूर, जनावरं सगळ्यांना. झालर दिसली की खूश व्हा, तो रंग नंतर भरलेला नाही.

कोडाक्रोम ही रंगीत फिल्म १९३५ ला आली. ऑगस्ट १९४२ मध्ये रसेल ली याने मोंटानातल्या ग्रॅव्हली रेंजवर मेंढपाळ, त्याचा घोडा आणि कुत्रा असा रंगीत फोटो काढला, तो नक्की शोधून बघा, गवताचा तो रंग मी कित्येकदा नुसता बघत बसलोय.

एआयने रंग भरले तर चालेल का?

स्वतःला बघायला भरा, पण मूळ फाइल वेगळी ठेवा आणि रंगीत कॉपीवर तसं लिहा. ते सॉफ्टवेअर गेरूची खूण काळीच ठेवतं, सगळी मेंढरं दुधासारखी पांढरी करतं, आणि हललेलं डोकं 'दुरुस्त' करून कुठल्यातरी भलत्याच मेंढीचं तोंड चिकटवतं. शेवटच्या गोष्टीला तर माझा ठाम विरोध आहे.

मूळ प्रिंट की पुस्तकातून कापलेलं चित्र, कसं ओळखू?

भिंगातून बघा, ठिपक्यांची जाळी दिसली तर छापील चित्र. अल्ब्युमिन प्रिंट (अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचा) पातळ कागदावर, जाड कार्डाला डकवलेला, पिवळट पडलेला असतो. जिलेटिन सिल्व्हर प्रिंट तिरपा धरला की काळ्या भागात, कडेला चंदेरी निळसर चमक येते, ती पडायला वर्षं जावी लागतात.

धूळ बसलीय, पुसू का?

कोरड्या मऊ ब्रशने हलक्या हाताने, आणि फक्त वरवरची. पाणी नको, थुंकी नको, चष्म्याचं कापड तर अजिबात नको. मी एकदा दोन काचेच्या निगेटिव्ह एका ठिकाणी स्कॅन करायला दिल्या होत्या, त्यांनी चकचकीत करून द्याव्यात म्हणून कापडाने पुसल्या, आणि पुसल्या नेमक्या इमल्शनच्या, म्हणजे चित्राच्या थराच्या, बाजूने. एका काचेवर मेंढपाळ गुडघ्यापर्यंत राहिला, कळपाची अर्धी बाजू कापडावर गेली. दुसऱ्यावर नुसते ओरखडे. आता मी देतानाच मंद बाजू कोणती, चकचकीत कोणती ते कागदावर लिहून देतो आणि तिथे बसून राहतो. मंद बाजूला चित्र असतं, लक्षात ठेवा.

निगेटिव्हला व्हिनेगरसारखा वास येतोय!

अॅसिटेट फिल्म कुजायला लागलीय. बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा, थंड कोरड्या जागी ठेवा, स्कॅन आधी तिचं करा. फिल्मच्या कडेला 'सेफ्टी' लिहिलेलं नसेल आणि ती १९५० च्या आधीची असेल तर नायट्रेट असू शकते, ती चटकन पेट घेते आणि विझवता येत नाही. चिकट किंवा पिवळी झालेली असेल तर घरात ठेवून घेऊ नका, जाणकार संग्रहालयाला विचारा, आणि काडी लावून तपासायचा उद्योग तर कोणीही करू नये.

स्कॅन कसं करू आणि ठेवू कशात?

प्रिंट ६०० डीपीआय, छोटा असेल तर १२००, फिल्म निगेटिव्ह २४०० च्या पुढे, फाइल टिफ. काळापांढरा असला तरी रंगीत मोडवर करा, पिवळेपणाही माहितीच आहे. मागची बाजू विसरू नका. ठेवायला आम्लविरहित कागद किंवा पॉलिस्टरचे पाउच, पीव्हीसीचे नकोत, आणि चिकट पानांचे अल्बम असतील तर त्यातून फोटो ओढून काढू नका, आहे तसं पानच आधी स्कॅन करा.

इंटरनेटवरचे असे फोटो वापरता येतात का?

अमेरिकन सरकारी प्रकल्पातले फोटो मोकळे आहेत. बाकी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या फोटोंना प्रकाशनापासून ९५ वर्षं धरतात, युरोपात बहुतेक ठिकाणी फोटोग्राफर गेल्यावर ७० वर्षं. ज्या संग्रहातून घेतला त्यांची अट वाचा आणि मूळ टिपण काटछाट न करता सोबत द्या.

घरातल्या फोटोवर काहीच लिहिलेलं नाही, मागे काय लिहू?

मऊ पेन्सिल घ्या, फोटो कडक सपाट जागेवर उलटा ठेवा, दाब देऊ नका, बॉलपेन नको. घरात ज्यांना आठवतं त्यांना आजच विचारा, आणि त्यांनी सांगितलेलं 'अमुक म्हणाल्या' असं लिहा, म्हणजे ऐकीव काय आणि दिसतंय काय ते वेगळं राहतं. अंदाज असेल तर पुढे प्रश्नचिन्ह टाका. कोणालाच काही आठवत नसेल तर जे दिसतं ते लिहा. माझ्या त्या कोकराच्या पोस्टकार्डासोबत मी वेगळ्या कागदावर असं लिहून ठेवलंय: मेंढ्या ३७ मोजता येतात, ६ ची डोकी हललेली. कुत्रा १, उजवीकडे, पळताना. कोटात कोकरू. डाव्या अंगठ्याला चिंधी. नाव माहीत नाही, शोध चालू.